माझ्या सहीचे अकरा दिवे

धरमपेठ, नागपूर
१२ डिसेंबर २०२४

चि. सुमंत,

दरवर्षी शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात आपण दोघं जेवणाच्या खोलीत फरशीवर बसून तुझ्या पुस्तकांना कव्हरं घालायचो. खाकी कागद मी कापायचे, मी दुमडायचे. तुझं काम एकच, लेबलाची मागची बाजू चाटून माझ्या हातात देणं. शेजारी वाटीत पाणी ठेवलेलं असायचं, पण तू जिभेनंच ओलं करायचास. "पाण्यानं लावलं तर निघून जातं गं ताई," असं मोठ्या जाणकारासारखं सांगायचास. तू पहिलीत, मी नववीत. लेबल चिकटलं की मी कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात तुझं नाव, इयत्ता, विषय लिहायचे, आणि काय लिहिलं ते न बघता तू पुढचं पुस्तक सरकवायचास. शेवटी तुझी जीभ इतकी कोरडी पडायची की तुला "स" म्हणता यायचा नाही. स्वतःचं नाव सांगताना अडखळायचास आणि आपण दोघं हसत सुटायचो.

एवढं सांगायला काही कागद घेतला नाही. दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मोबाइलवर लिहिण्यासारखी ही गोष्ट नाही.

काल सकाळी प्रतापनगरचे गणपतराव आले होते. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, तूच दिवाळीत त्यांच्या माशांच्या टाकीवर दिवा लावून दिलास. टॉवेलात गुंडाळलेला तो दिवा काखेत धरून ते दारात उभे.

"बाई, हा तुमचाच ना? आतमंदी तुमच्या नावाची चिठ्ठी हाय."

मी म्हटलं, हो, आमचाच.

"मागच्या शुक्रवारी पाण्यात हात घालून सडलेलं पान काढून राहिलो होतो. दुसरा हात या पट्टीले लागला. असा फेकला मले, सोफ्यावर जाऊन पडलो! बायको म्हणे, नाटक करून राहिले. मी म्हटलं, नाटकच कराचं असतं तर तुले पाहाले आलो तेव्हाच केलं नसतं काय?"

ते हसत होते. चहाचा कप मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. तुला त्याच दिवशी फोन केला होता म्हणाले. "सुमंतभाऊ म्हणे, हात घालाच्या आधी बटन बंद करत जा." तुला ते किरकोळ वाटलं असेल. ते सगळंच हसत सांगतात, त्यामुळे समोरच्याला तसं वाटतं.

ते दिवा ठेवून गेल्यावर मी त्याच्या पेटीचे चार स्क्रू काढले. आत बल्बांचा जो ड्रायव्हर होता तो आपण निवडलेला नाही.

सुमंत, आपण कशातून गेलो ते तुला मी काय सांगायचं? गिरिधर गेल्यावर तुझ्या भाऊजींची आठवण म्हणून त्यांची टाकी तशीच चालू ठेवायची मी ठरवलं. बाजारातल्या दिव्याच्या पट्टीखाली टाकीतली झाडं पिवळी पडायला लागली, तेव्हा तूच म्हणालास, ताई, दिवा घरीच करू. पहिल्यांदा आपण बल्बांची माळ सरळ अ‍ॅडॅप्टरला जोडली. व्होल्टेज बरोबर होतं, म्हणून दोघंही खूश. तासाभरात बल्ब तापले, तापले तसे जास्त करंट ओढू लागले आणि एकामागून एक गेले. एलईडीला नुसतं व्होल्टेज देऊन भागत नाही, करंट बांधून द्यावा लागतो आणि तो बांधणारा म्हणजे ड्रायव्हर, हे आपण त्या जळक्या वासातून शिकलो. मग हिशेब बसवला. दहा बल्ब एका ओळीत, प्रत्येकी तीन व्होल्टच्या थोडं वर, म्हणजे तीस-बत्तीस. तेव्हा ड्रायव्हर चोवीस ते बेचाळीसचा घ्यायचा, म्हणजे आपला आकडा मधोमध पडतो आणि तो दमत नाही. सातशे मिलिअँपिअरच्या वर जायचं नाही.

पण या सगळ्याच्या आधीची अट कोणती होती? घरातली वीज आणि बल्बांकडे जाणारी वीज आतून पूर्ण वेगळी हवी. आयसोलेटेड. कारण खाली पाणी आहे, आणि त्या पाण्यात माणसं हात घालतात. स्वस्तातल्या ड्रायव्हरवरसुद्धा चौकोनात चौकोन ही सुरक्षिततेची खूण छापलेली असते, म्हणून छापलेल्यावर जायचं नाही. मीटरची एक तार पिनेला, दुसरी आउटपुटला, मग उलट करून. दोन्ही वेळा मीटर गप्प राहिला तरच पास. काल मी मीटर लावला. तो बोलला. म्हणजे गणपतरावांची ॲल्युमिनियमची पट्टी आणि घरातली वीज यांच्यामध्ये नखाएवढ्या जाडीचासुद्धा आडोसा नव्हता.

मला वाटतं, दुकानदारानं तुला फसवलं. खोका तोच दिला असेल आणि आतला माल बदलला असेल. तुझी काही चूक नाही. पण बाकीचे दिवे कुठे कुठे गेले त्यांचे पत्ते मला आजच कळव. सगळ्यांना आधी बंद करायला सांगू, मग बदलू.

नूपुरला आशीर्वाद. गार्गीचा खोकला कसा आहे?

तुझी ताई

*

१६ डिसेंबर २०२४

सुमंत,

काल तू येऊन गेलास. तुझी संत्रा बर्फी टेबलावर तशीच आहे. दुपारी कांताबाईनं विचारलं, "भाऊंनी आणली ना वं बाई? मग काहून उघडली नाही?" बावीस वर्षं ती या घरात स्वयंपाक करते, तिच्यापासून काही लपत नाही. मी म्हटलं, गोड नको वाटतं.

काल जे बोललो ते मी जसंच्या तसं लिहून काढते आहे. पुढे मागे तू म्हणशील, मी असं म्हणालोच नव्हतो. किंवा मीच म्हणेन. या दुसऱ्या शक्यतेची जास्त भीती वाटते.

मी विचारलं, दुकानदार कोण? तू चहा ढवळत राहिलास. साखर तू घेत नाहीस.

मग म्हणालास, "पुण्याहून माल आलाच नाही ना ताई. मी काय करू? दिवाळीत सगळ्यांना टाक्या लावायच्या होत्या. शब्द देऊन बसलो होतो."

"मग थांबायला सांगायचं."

"तुझ्यासारखं थांबणं मला नाही जमत. लोक रोज विचारून राहिले होते. मिळाले ते लावले."

"मीटर लावलास?"

"सगळं मार्केट हेच लावून राहिलं आहे ताई. कोणी मेलं का?"

"मीटर लावलास का, सुमंत?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. लहानपणी गणिताचा पेपर कसा गेला विचारलं की बघायचास, तसंच.

मी पत्ते मागितले. "अकराच तर आहेत," म्हणालास, "त्यासाठी गावभर बोभाटा करायचा का? हळूहळू बदलतो मी." मी म्हटलं, हळूहळू नाही, आज. तेव्हा तू उठलास. चप्पल घालता घालता म्हणालास, "आणि सांगशील काय लोकांना? भावानं फसवलं म्हणून? पेटी उघडली की आत सही कोणाची निघते, ताई?"

जिना उतरतानाची तुझी पावलं मी मोजली. त्याआधी कधी मोजली नव्हती.

सही माझी आहे. ते खरंच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, जिनं वजन केलं तिनंच सही करायची, मैत्रिणीसाठी सही करणं म्हणजे मैत्रिणीला विष देणं. आम्ही मुली मागे त्यांची नक्कल करायचो. पुढे तीस वर्षं मी त्याच प्रयोगशाळेत शिकवलं आणि तेच वाक्य मुलींना सांगितलं. बहुधा त्याही माझी नक्कल करत असतील. आपले दिवे बनायला लागले तेव्हा म्हणूनच प्रत्येक पेटीत मी चिठ्ठी ठेवायचे: "तपासले. पाण्यात हात घालण्यास हरकत नाही. माया." तू चिडवायचास, दिव्यात कुंडली ठेवतेस म्हणून.

आणि सप्टेंबरमध्ये, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तू कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आलास. "महिनाभर तुला वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही. आत्ताच करून ठेव ना. मीटर मी लावीन, अगदी तुझ्यासारखा." मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. डोळ्यांत पाणी येत होतं, अक्षर ओळीखाली घसरत होतं, तरी लिहिल्या. तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही असा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नव्हता. तुझ्या बाबतीत तो कधी येतच नाही.

ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलणार नाही. पण तू मला ती काल दाखवलीस कशी, ते एकदा बसून आठव.

पत्ते पाठव. अजूनही तुझ्याच हातून यावेत असं वाटतं.

ताई

*

२४ डिसेंबर २०२४

सुमंत,

मागच्या पत्रालाही आठ दिवस झाले, तू पत्ते पाठवले नाहीस. मोबाइलवर दोन जोडलेले हात आणि "टेन्शन नको घेऊस" एवढंच आलं.

मला अकरापैकी दोनच माहीत होते. गणपतराव, आणि माझ्याबरोबर शिकवणारी सत्यवती. मागच्या मंगळवारी कांताबाईला घेऊन ऑटोनं तिच्याकडे गोकुळपेठेत गेले. सत्यवती दारातच म्हणाली, "माया, किती सुंदर उजेड पडतो गं तुझ्या दिव्याचा! नातवाला तिथून हलवावं लागतं." मी प्लग काढला. तिला सांगितलं, यात जो ड्रायव्हर आहे तो मी तपासलेला नाही. ती म्हणाली, "पण तुझी सही आहे की." मी म्हटलं, सही आहे, तपासलेला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. चहा तिनं केला, पण पूर्वीसारखी स्वयंपाकघरातून बोलत नव्हती.

बाकी नऊ घरं नागपुरात कुठेतरी होती आणि मी शहरभर दारं वाजवत फिरू शकत नव्हते. रोज सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी आतलं शहराचं पान उघडायचे. काय शोधते आहे ते कांताबाईला न सांगता कळलं होतं. ती चष्मा आणून द्यायची आणि जवळच उभी राहायची.

परवा रविवारी गार्गी आली. हेल्मेट हातातच, आत यायलाच तयार नव्हती.

"आत्या, बाबांना सांगून नाही आले मी."

"मग सांगून ये."

"सांगितलं तर येऊ देणार नाहीत." तिनं मोबाइल पुढे केला. तुझ्या वहीच्या पानाचा फोटो. अकरा नावं, अकरा नंबर. तुझं अक्षर अजूनही माझ्यासारखंच आहे.

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि फोन घेऊन एकेकाला सांगत सुटले. नाव सांगायचं, मग म्हणायचं, दिव्याचा प्लग आत्ता काढा, मी फोनवर थांबते. कुणी काळजीनं विचारलं, कुणी चिडलं. मौद्याचे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात वीज तयार होते, आम्हाले विजेचं नका सांगू." तरी त्यांनी काढला. सातवा फोन जिजाबाईंना. त्रिमूर्तीनगरात त्यांचं पाळणाघर आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. टाकी त्यांनी बुटक्या टेबलावर ठेवली आहे, लेकरांना मासे दिसावे म्हणून. त्यांनी प्लग काढला, परत फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "काय सांगू बाई, शुक्रवारी एक पोरगी पाण्यात बोट घालून रडाले लागली. म्हणे, मासोळी चावली. आम्ही सगळ्याजणी हसलो. म्हटलं, गप्पी कुठं चावते का वं?"

त्यापुढे त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. गार्गीनं माझ्या हातातून फोन घेऊन त्यांचा पत्ता लिहून घेतला.

शुक्रवार म्हणजे वीस तारीख, सुमंत. तुझ्याकडे पत्ते मागून मला आठ दिवस झाले होते.

उरलेले फोन संपल्यावर मी गार्गीला विचारलं, बाळा, तुमच्या घरी कोणता आहे? तुमच्या टाकीत रोज तूच हात घालतेस. तिचाही प्लग काढ.

ती म्हणाली, "आमचा बाबांनी बदलला ना, आत्या."

"कधी?"

"आठ तारखेला. रविवार होता. मी स्टूल धरून उभी होते. तुमच्याकडच्या जुन्यातला एक शिल्लक होता, तो लावला."

"काही म्हणाला?"

तिला कळलं की आपण काहीतरी बोलून बसलो आहोत. पण ती तुझी मुलगी असली तरी खोटं बोलणं तिला जमत नाही. "म्हणाले, आपल्या घरात रिस्क नको."

गणपतरावांना झटका बसला सहा तारखेला. त्याच दिवशी त्यांनी तुला फोन केला. आठ तारखेला तू आपल्या घरातला बदललास. बारा तारखेला मी तुला लिहिलं, दुकानदारानं तुला फसवलं असेल, तुझी काही चूक नाही. ते पत्र तू वाचलंस. पंधराला माझ्यासमोर बसून विचारलंस, कोणी मेलं का.

मी इतके दिवस तुझ्यासाठी कारणं शोधत होते. तुला नाही म्हणता येत नाही. तू लोकांना दुखवत नाहीस. तुला धोका कळलाच नसेल, तू माझ्याएवढं वाचलेलं नाहीस. यातलं शेवटचं कारण मी सगळ्यात घट्ट धरून ठेवलं होतं. तुला सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच तू स्टुलावर चढलास.

आज शाळेतल्या चॅपलमध्ये नाताळची गव्हाण मांडली असेल. दरवर्षी मी जाऊन येते. आज गेले नाही. तिथे कुणी भेटलं आणि "सुमंत कसा आहे" विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माया

*

३ जानेवारी २०२५

सुमंत,

तुझा निरोप मिळाला. तू रडलास असं नूपुरनं फोनवर सांगितलं. मला खरं वाटतं. तू लहानपणीही पकडला गेलास की मनापासून रडायचास आणि मी लगेच विरघळायचे. या वेळी मी नूपुरला म्हटलं, त्याला पाणी दे आणि झोपू दे.

पुण्याहून माल आला. अकरा मागवले होते, दहाच आले. पुढची खेप महिन्याने. दहाही मी काल दुपारी खिडकीशी बसून नव्या चष्म्यानं तपासले. मीटर दहाही वेळा गप्प राहिला, तारा उलट करूनही. अकरावा कमी पडतो म्हणून कुणाला महिनाभर थांबवायचं नाही. तो तुझ्या घरून आणला आहे आणि तोही मी तपासला आहे. गार्गीनं माझ्यादेखत काढला. तेव्हा तू आतल्या खोलीत होतास, मला माहीत आहे. तूही बाहेर आला नाहीस, मीही हाक मारली नाही. तिला रागावू नकोस. ती विचारून करत होती, "आत्या, काढू ना?" असं तीनदा.

आता दिवे घरोघर नेऊन बसवायचं काम तुझं. इतर कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. प्रत्येक खोक्यावर मी नाव घातलं आहे. आत चिठ्ठी आहे, पण या वेळी त्यावर दोन ओळी आहेत. पहिली माझी: हा ड्रायव्हर मी तपासला. दुसरी कोरी आहे. ती तू त्या घरात, त्या माणसासमोर भरायचीस: आधीचा मी न तपासता लावला होता. खाली तुझी सही. अक्षर आपलं सारखं असलं तरी मी ते भरणार नाही.

पहिलं घर जिजाबाईंचं. तुझ्या टाकीवरून काढलेला ड्रायव्हर तिथे लावायचा, कारण तो महिनाभर चाललेला आहे आणि त्याची खात्री तू स्वतःच करून घेतली आहेस. सकाळी जा, लेकरं असतात तेव्हा. ज्या मुलीला मासोळी चावली तिचं नाव राधिका. तिला सांग, मासोळी चावली नव्हती. ती त्या दिवसापासून टाकीजवळ जात नाही, आणि तिची समजूत घालायला माझं नाव पुरणार नाही.

गणपतरावांना ड्रायव्हर आणि माझ्याकडे ठेवलेला त्यांचा दिवा, शिवाय त्यांच्या मीटरच्या पेटीत विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण बसवून द्यायचं. ते नको म्हणतील, बसवायचंच. त्यांच्या बायकोशी बोल. झटका खरा होता हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. बिचारे अजून नाटकीच ठरले आहेत.

सत्यवतीकडे ड्रायव्हर दे आणि चहा मिळाला तर घे. माझ्याबद्दल काही बोलू नकोस. ते मी बघेन, जमलं तर.

मौद्याची टाकी मोठी आहे, चार फुटी. त्यांनी पाठवलेल्या फोटोत दिसतं, तिथे दोन माळा आहेत आणि तू त्या दोन्ही एकाच, चौदाशे मिलिअँपिअरच्या ड्रायव्हरला समांतर जोडल्या आहेस. तसं ठेवायचं नाही. एक माळ तुटली की सगळा करंट दुसरीवर जातो आणि तीही जळते. पण हा नवा ड्रायव्हर सातशेचा, एकाच माळेपुरता आहे आणि दुसरा आपल्याकडे नाही, म्हणून तूर्त एकच माळ लावून दे आणि उजेड अर्धा का पडतो ते त्यांना समजावून सांग. वीज त्यांच्या गावची असली तरी ऐकतील.

बाकी सात खोके नावांप्रमाणे. गणपतरावांचा पांढरा ड्रायव्हर माझ्याकडेच आहे; बाकीचे दहा, आणि तू स्वतःच्या घरून काढलेला, माझ्याकडे यायला हवेत, गार्गीच्या हातून. ते मी हातोडीनं फोडणार आहे. फेकले तर कुणीतरी उचलून लावेल. आणि माझ्या सहीच्या उरलेल्या चिठ्ठ्या, त्या एकोणतीस असायला हव्यात. बारावी तुझ्या स्वतःच्या पेटीत घातली असशील तर अठ्ठावीस. त्याही तिच्याबरोबर पाठव.

मीटर गार्गीला दिला आहे. तिला लावता येतो, मी शिकवलं. गिरिधरांची टाकी मी चालू ठेवते आहे. तिच्यावरचा दिवा आपण दोघांनी मिळून केलेला आहे आणि तो ठीक आहे, मी काल पुन्हा तपासला.

तुझ्यासाठी या खेपेत काही नाही. तुझी टाकी जिन्याखाली अंधारात आहे, तिथे झाडं आठवडाभरही टिकणार नाहीत. ती पूर्वेच्या खिडकीशी हलव. शेवाळ येईल, येऊ दे. हलवण्याआधी सगळं पाणी काढ, भरलेली उचलली तर तळाची काच तडकते. आणि एकट्यानं उचलू नकोस, तुझी कंबर धरते. नूपुरला हाताशी घे. मला बोलावू नकोस.

माया